भांडकुदळ शेजार

शहरात घरांपेक्षा झाडं जास्त होती, त्या काळची गोष्ट. हळद्या आणि हळदी या पिवळ्याधमक पक्ष्यांच्या जोडप्याला कायमच्या घरासाठी वस्ती निवडायची होती. चिंचेवर जागा होती, पण तिथला कोतवाल पक्षी दिवसभर कुणाशी तरी भांडत असे.

"अहो, त्या भांडकुदळाच्या शेजारी पिल्लं वाढवायची? मुळीच नाही!" हळदी म्हणाली. तिने समोरचा बहावा निवडला. तिथले शेजारी सभ्य होते. कुणी कुणाच्या अध्यात ना मध्यात.

घरटं झालं, अंडीही झाली. एका दुपारी हळद्या चाऱ्याला गेला असताना कावळा थेट घरट्याच्या काठावर येऊन बसला. हळदी जिवाच्या आकांताने ओरडली. सभ्य शेजाऱ्यांनी माना पंखांत खुपसल्या. इतक्यात चिंचेवरून कोतवाल सुटला आणि पाठीवर चोची हाणत त्याने कावळ्याला पार नदीपलीकडे पिटाळलं.

अंडी शाबूत होती. हळदीचा जीव भांड्यात पडला.

"भाऊजी," कोतवाल परतताच तिने विचारलं, "पुढच्या विणीला तुमच्या चिंचेवर जागा मिळेल?"

"मिळेल की. पण वहिनी, मी पहाटेपासूनच कचाकचा भांडतो बरं!"

"भांडा हो," हळदी म्हणाली. "तुमचा आवाज कानावर आला, की मला निवांत झोप लागेल."