बिरुदावली आणि तीन मिनिटांची तबकडी

"तबकडी तीन मिनिटांची. गाणं दोन मिनिटं छप्पन्न सेकंदांचं. आणि आमची बिरुदावली?" रायतळ संस्थानच्या महाराजांनी विचारले.

"दोन मिनिटे चाळीस सेकंद, सरकार," मी घड्याळ बघून सांगितले.

"मग दोन्ही एकाच तबकडीत बसवा!"

मी दरबारचा चिटणीस. ती बिरुदावली मीच लिहिलेली. महाराजांच्या दर वाढदिवसाला तीत दोन विशेषणे घालायची, हा माझा नेम होता. एखादे काढावे, एवढी छाती मात्र कधी झाली नाही.

त्या वर्षी संस्थानाने ध्वनिमुद्रण उत्तेजन योजना काढली होती. आपल्या मुलखातली गाणी ग्रामोफोनच्या तबकड्यांवर यावीत म्हणून मुद्रणाचा सगळा खर्च दरबार देणार होता. योजना चांगलीच होती. तिला सातवे कलम मी जोडले: 'प्रत्येक तबकडीवर महाराजांची बिरुदावली संपूर्ण, एक अक्षर न गाळता असावी.' कोणी शहाणा ती मागच्या बाजूला ढकलील म्हणून पुढे लिहिले: 'गाणे ज्या बाजूला, त्याच बाजूला.' हे वाक्य सुचले त्या दिवशी मी स्वतःवर इतका खूश झालो, की रोजनिशीत त्याखाली दोन रेघा मारल्या.

त्या रेघांत पहिला अडकला म्हातारा सत्त्वाप्पा गोंधळी. देवीला आवाहन करणारे गाणे साऱ्या मुलखात त्याला एकट्यालाच येत होते. दम लागल्यामुळे तो दाराशीच बसला होता. बोलत होती त्याची मुलगी येसू.

"सरकार, बाबाचा दम रोज कमी व्हतोय. यंत्रवालं सायेब उद्या सकाळच्या गाडीनं जाणार. आज गाणं भरलं न्हाई, तर ते बाबासंगंच जाईल!"

"मग गाणं अर्धं करा," मी तोडगा सुचवला.

"अर्धी देवी बोलवायची व्हय, चिटणीसकाका? येक पाय दारात नि येक पाय डोंगरावर?"

दरबार हसला. महाराज हसले नाहीत. "कलम म्हणजे कलम! संध्याकाळपर्यंत दोन्ही बसवून दाखव, पोरी, नाहीतर खर्च नामंजूर!"

"बसवते की! पर आधी येक इनंती हाय. बिरुदावली तबकडीवर कशी वाजती, ते येकदा ऐकवा."

मागच्या वाढदिवसाला चोपदाराच्या आवाजात बिरुदावलीची एक तबकडी भरून घेतली होती. ती शालीतून काढून यंत्रावर चढवली. आम्ही सारे उठून उभे राहिलो. माझी विशेषणे एकामागून एक गरजू लागली आणि मला उगाच भरून आले. शेवटी आले "महाराज!" रिवाजाप्रमाणे आम्ही मुजरा केला.

नेमकी तिथेच सुई अडकली.

"महाराज! महाराज! महाराज!"

तो शब्द बिरुदावलीत कानी पडला की मुजरा करायचाच, हे रायतळचे रीतपुस्तक. तेही माझ्याच हातचे. थांबावे कोणी? वाकलो, उठलो, पुन्हा वाकलो. अकराव्या मुजऱ्याला माझी कंबर धरली आणि पगडी घरंगळत थेट महाराजांच्या पायाशी गेली. तेवढ्यात यंत्राची चावी उतरली. "म...हाऽऽ...राऽऽऽ..." आवाज खाली खाली जात शेवटी म्हशीसारखा हंबरला.

"बंद करा ते!" महाराज ओरडले.

"सरकार," येसू हळूच म्हणाली, "हितं वाकायला माणसं तरी हायती. चहाच्या दुकानात कोण वाकंल? कपबशी घिऊन? आन् चावी उतरली, की तुमचं नाव रोज आसंच हंबरणार!"

महाराजांनी मिशीवरून हात फिरवला. "पण नाव तर गेलंच पाहिजे!"

"जाणार की!" येसूने पिशवीतून एक गोल कागद काढला. तबकडीच्या मधोमध चिकटवतात, तेवढ्याच मापाचा. त्यावर मुंगीएवढ्या अक्षरांत, वेटोळी घेत, अख्खी बिरुदावली लिहिलेली होती. "गाण्याच्याच बाजूला हाय. मोजा, चिटणीसकाका!"

मी वाकलेल्या कमरेनेच भिंग धरले. दोनदा मोजली. एक अक्षर कमी नव्हते.

"पण ही मुकी आहे!" महाराज म्हणाले.

"मुकी हाय म्हणूनच अडकत न्हाई, हंबरत न्हाई. सुई तिथवर पोचतच न्हाई, सरकार! आन् तबकडी मिंटाला अठ्ठ्याहत्तर येळा फिरती. बाबाची तबकडी येकदा पुरी वाजंल, तवर तुमची बिरुदावली दोनशे चौतीस येळा फिरंल! सांगा, कुठल्या दरबारात झालंय आसं?"

महाराजांनी माझ्याकडे पाहिले. मी मनातल्या मनात गुणाकार केला आणि मान हलवली. बरोबर होता.

महाराज गदगदून हसले! "खर्च मंजूर! आणि हिला शेलापागोटं द्या... नको, लुगडं-चोळी द्या! यापुढे योजनेचं प्रत्येक कलम आधी येसूला दाखवायचं. ऐकलंत, चिटणीस?"

ऐकले. बसूनच ऐकले, उभे राहवत नव्हते.

दुपारीच गाणे भरले. सत्त्वाप्पा दोन मिनिटे छप्पन्न सेकंद असा गायला, की मी घड्याळाकडे बघायचे विसरलो. गाणे संपल्यावर गायकाने आपले नाव सांगायचे, अशी मुद्रणाची पद्धत. उरले होते चार सेकंद. म्हाताऱ्याने श्वास घेतला आणि भोंग्यात म्हणाला,

"सत्त्वाप्पा गोंधळी, रायतळ."

वर एक सेकंद उरला! महाराज हसत माझ्याकडे वळले.

"चिटणीस, बिरुदावली लिहायला याच्याकडे शिका!"