माळ्यावरचं शीड

"माझं कुणी खरं मानलं नाही!" मंजुळाबाय उठता-बसता हेच सांगायची. विहिरीवर सांगायची, बाजारात सांगायची, ऐकायला कुणी नसलं तर कोंबड्यांना सांगायची. ते खोटं नव्हतं. गावाने तिचं खरं मानलं नव्हतंच. पण पुढे काय झालं ते तिने कधी कुणाला सांगितलं नाही. ते मी सांगते.

एका लांब खाडीच्या आतल्या टोकाला एक गाव होतं. खाडी जिथे समुद्राला मिळते तिथे दुसरं, खालचं गाव होतं. मध्ये डोंगर. डोंगरावरून पायवाट होती, पण ती दोन दिवसांची, आणि बकऱ्यांच्याच लायकीची. माणसांचा रस्ता म्हणजे खाडी.

पूर्वी सगळ्या होड्यांना शिडं होती. पहाटे जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारा सुटतो. दुपारी समुद्राकडून खारा वारा आत येतो. पहाटे शीड उभारलं की मतलई खालच्या गावी नेऊन सोडायचा, आणि दुपारी खारा वारा घरी आणून पोचवायचा. वाऱ्याने कधी भाडं मागितलं नाही. फक्त त्याची वेळ पाळावी लागायची.

मग गावात गुणाजीशेट आला. त्याने इंजिनं आणली आणि इंजिनाचं तेल आणलं. तो धक्क्यावर उभा राहून म्हणाला, "वाऱ्याची वाट बघत बसायला तुम्ही काय पतंग आहात? डोलकाठी द्या, शीड द्या, इंजिन घेऊन जा. पहिल्या वर्षाचं तेल पाण्याच्या भावात."

लोक धावले. कुणाला वाट बघायला आवडतं? होड्या फटफट करत मनाला येईल तेव्हा जाऊ लागल्या. डोलकाठ्या शेटच्या नव्या घराचे खांब झाल्या. शिडं त्याच्या तेलाच्या पिंपांवर पांघरूण झाली.

एकटा मंजुळाबायचा नवरा भिवा अडून बसला. म्हणाला, "वारा देवाचा. तेल शेटचं. ज्याचं तेल, त्याची होडी." मंजुळाबायनेही घरोघरी जाऊन तेच सांगितलं. लोकांनी तोंडावर पदर धरून हसून घेतलं. त्या वर्षी शिमग्याला अख्ख्या गावाने होळीपुढे भिवाच्या नावाने बोंब मारली. "भिवाच्या शिडाला भोक पडलं रे!" भिवाही हसला. शिमगाच तो. पण मंजुळाबाय हसली नाही. तिने ती बोंब गाठ मारून ठेवली.

पुढे भिवा वारला. त्याची होडी किनाऱ्यावर कुजून गेली. शीड तेवढं मंजुळाबायने धुतलं, वाळवलं, कडुलिंबाचा पाला घालून घडी केली आणि माळ्यावर ठेवलं.

इकडे तेल चढू लागलं.

आधी एका नारळात माणूस खालच्या गावी जायचा. मग कोंबडी लागू लागली. मग बकरा. होडी चालवणारा धाकू तांडेल एकदा उतारूंना म्हणाला, "पुढच्या वर्षी बहुतेक म्हैस आणावी लागेल." एक बाई म्हणाली, "सासू चालेल का हो? आत्ताच घेऊन येते."

शेटकडे कारणांना तोटा नव्हता. कुठे दूरच्या देशात लढाई लागली होती. जहाजं अडली होती. राजाने कर वाढवला होता. मग एक दिवस बंदरावरून आलेल्या खलाशाने सांगितलं की लढाई केव्हाच मिटली, तिकडे तेल निम्म्यावर आलं. धाकू विचारायला गेला.

शेट म्हणाला, "हे महाग असताना भरलेलं तेल आहे रे. जुना माल."

"आणि भाव चढला तेव्हा? तेव्हाही पिंपं जुनीच होती. स्वस्त असतानाच भरलेली."

शेटने विड्याचं तबक पुढे सरकवलं. "पान खा, धाकू."

असं ते तेल. चढताना जुनंही नवं व्हायचं, उतरताना नवंही जुनं. लोक कुठे जात नव्हते, होड्या चालत नव्हत्या, आणि शेटच्या घरावर त्याच वर्षी दुसरा मजला चढला. मी शेटला सोडत नाही. तो लुटारूच होता. पण गोष्ट त्याच्यापाशी संपत नाही.

मंजुळाबायला एकच लेक होती, केसर. ती खालच्या गावी दिली होती. त्या वर्षी केसरला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी, ही तिकडची रीतच. मंजुळाबायने पाळण्याच्या दोऱ्या बदलल्या. मागची खोली सारवली. डिंक आणला, खारीक आणली. पावसाळा लागला की खाडी बंद होते ती नारळी पौर्णिमेपर्यंत. त्याआधी लेक घरी यायला हवी होती.

केसरने सांगून ठेवलं होतं, "आई, मी निघायला तयार झाले की पिवळं लुगडं माडाला बांधीन. टेकडीवरून तुला दिसेल."

वैशाख निम्मा झाला आणि मंजुळाबायला टेकडीवरून लांब, समुद्राजवळ, हळदीच्या बोटाएवढा पिवळा ठिपका दिसला. ती रोज संध्याकाळी चढून जायची आणि अंधार पडेपर्यंत त्या ठिपक्याकडे बघत बसायची. तिला वाटायचं, आता ती अंगणात आली असेल. आता पाय धुतले असतील. आता इकडेच बघत असेल.

पण न्यायला होडी नव्हती. तेल परवडेना म्हणून धाकूने होडी किनाऱ्यावर ओढून माडाच्या झापांनी झाकून टाकली होती. बाकीच्यांचंही तेच. तेव्हा कुठे गावाला वाऱ्याची आठवण झाली. पण शीड कोण बेतणार? जुना शिंपी मरून गेलेला. शेटच्या पिंपांवरची शिडं उन्हातेलात सडून चिंध्या झालेली. गावात धड शीड एकच उरलं होतं. ते समोर ठेवलं असतं तर त्यावरून दहा शिडं बेतता आली असती.

धाकू तांडेल मंजुळाबायच्या दारात आला. उंबऱ्याबाहेरच उभा राहिला.

"वहिनी, माळ्यावरचं शीड द्याल का? डोलकाठी मी सुरूच्या झाडाची करतो. चार दिवसांत केसरला आणू."

"आता आठवण झाली होय, भावजी?"

"चुकलो आम्ही."

"इथे माझ्या दारात, हळूच चुकलात? बोंब मारताना घसा बसला नव्हता तुमचा. सगळ्या गावाने होळीच्या माळावर यायचं. नाक घासायचं. भिवा खरा होता, मंजुळा खरी होती, असं मोठ्याने म्हणायचं. मग शीड."

"अहो, शिमग्यात सगळ्यांच्याच नावाने बोंब मारतात. माझ्या बापाच्या नावानेही मारली होती."

"तुमच्या बापाने डोलकाठी विकली होती. त्याला लाज कसली?"

धाकूचा चेहरा उतरला. तो वळला आणि गेला. त्यालाही मान होती. तो पुन्हा आला नाही.

मग शेजारची गोदाकाकी आली. तिने मंजुळाबायला पुढ्यात बसवलं. "अगो, लेक तुझी तिथे अडकली आहे. आधी तिला आण. नाकं काय, नंतर घासून घे."

"नंतर कोण घासतं, काकी? काम झालं की सगळे नाक वर करून चालतात."

"अगो, पण वारा थांबायचा नाही तुझ्या हट्टासाठी."

"इतकी वर्षं थांबला, आठ दिवस थांबेल."

ती बरोबर होती, हे मी पुन्हा सांगते. पहिल्यापासून बरोबर होती. आणि बरोबर असलेल्या माणसाला दुसऱ्याच्या तोंडून ते ऐकायची फार भूक लागते. ती भूक वाईट.

सहा-सात दिवसांनी डोंगरातल्या पायवाटेने कुर्ल्या-खेकडे विकणारा एक म्हातारा आला. त्याने केसरचा निरोप आणला. "ती म्हणाली, आईला सांग, बोचकं बांधून मी रोज धक्क्यावर जाऊन बसते. पाय सुजलेत. पण बसते."

मंजुळाबायने पदर तोंडात कोंबला. म्हाताऱ्याला पाणी द्यायचंही तिला सुचलं नाही. तो गेल्यावर तिने शिडी लावली आणि माळ्यावर चढली. शिडाच्या घडीवर हात ठेवला. कडुलिंबाचा वास आला. एक हात घडीखाली घालून तिने ती उचललीसुद्धा.

तेवढ्यात बाहेरच्या वाटेने धाकू आणि दोघे-तिघे चालले होते. ते कशाला तरी हसले. कुणाचा बैल चिखलात बसला होता, त्यालाच हसले असतील. मंजुळाबायला वाटलं, मलाच हसतायत.

तिने घडी खाली ठेवली आणि रिकाम्या हाताने उतरली. "उद्या येतील," ती स्वतःशी म्हणाली. "गरज त्यांना आहे."

उद्या कुणी आलं नाही. परवाही नाही. चौथ्या दिवशी आले. सगळं गाव आलं. गोदाकाकीने घरोघरी जाऊन, शिव्या घालून सगळ्यांना बाहेर काढलं होतं. होळीच्या माळावर लाल मातीत म्हाताऱ्यांनी नाक घासलं, पोरांनी घासलं, बायकांनी घासलं. धाकू तांडेल गुडघ्यावर बसला आणि ओरडून म्हणाला, "भिवा खरा होता! मंजुळावहिनी खरी होती!"

किती वर्षं तिने या दिवसाची वाट बघितली होती. तिला वाटलं होतं, छाती भरून येईल. छाती नुसती धडधडत राहिली. ती धावतच घरी गेली आणि शीड घेऊन आली.

दोन रात्री कुणी झोपलं नाही म्हणा ना. सुरूचं झाड तोडलं, तासलं, होडीत उभं केलं. दोर वळले. तिसऱ्या दिवशी पहाटे सगळं गाव धक्क्यावर जमलं. मंजुळाबाय लेकीसाठी उशी घेऊन होडीत जाऊन बसली. धाकूने शीड चढवलं.

शीड फुगलं. पण उलट्या बाजूने.

मतलई सुटलाच नव्हता. वारा समोरून, समुद्राकडून येत होता, ओला आणि जड. खाडीचं पाणी धक्क्यावर आपटत होतं. धाकूने बराच वेळ आभाळाकडे बघितलं. मग त्याने शीड उतरवलं.

"वहिनी, वारा फिरला. या वर्षी लवकर फिरला. आता नारळी पौर्णिमेपर्यंत खाडी आपली नाही."

"आणि चार दिवसांपूर्वी?"

धाकू शिडाची घडी घालू लागला. तिने पुन्हा विचारलं.

"चार दिवसांपूर्वी सुरेख मतलई होता, वहिनी."

मंजुळाबाय उशी मांडीवर घेऊन होडीत तशीच बसून राहिली. गोदाकाकीने हाताला धरून उतरवलं तेव्हा उतरली.

ती भर पावसात टेकडीवर जायची. पिवळा ठिपका आणखी पाच दिवस होता. भिजून काळपट झाला होता, तरी होता. सहाव्या दिवशी माड नुसताच हलत होता. लुगडं सोडलं असेल की वाऱ्याने नेलं असेल, ते तिला कळायला मार्ग नव्हता. लेक बाळंत झाली की नाही, जगली की नाही, हेही कळायला मार्ग नव्हता. डोंगरातली पायवाट ओढ्यांनी तोडली होती. तिने डिंकाचे लाडू केले. त्यांना बुरशी आली. पुन्हा केले. पाळण्याला हात लागला की तो हलायचा, म्हणून तिने तो भिंतीला बांधून ठेवला.

नारळी पौर्णिमेला खाडी उघडली. तोवर भिवाच्या शिडावरून गावाने सात शिडं बेतली होती. गुणाजीशेट घाईघाईने धक्क्यावर आला. "तेल निम्म्यावर आणलंय बरं का! खास तुमच्यासाठी!"

गोदाकाकी म्हणाली, "शेट, डोक्याला लावायला चालतं का?"

धक्का हसला. मंजुळाबाय हसली नाही. ती पहिल्या होडीत बसली होती. मतलई असा गोड सुटला होता की धाकूला सुकाणूला हातही लावावा लागत नव्हता.

केसर जगली होती. बाळंतपण सासूने केलं होतं, दोन रात्री अडली होती, पण निभावली होती. मुलगी झाली होती, आता दोन महिन्यांची होती. मंजुळाबायने नातीला मांडीवर घेतलं. पोरीने अनोळखी वास घेतला आणि भोकाड पसरलं. केसरच्या सासूने उचलली तशी गप्प झाली.

केसर आईसमोर बसली. वाळली होती. तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

"आई, कुर्ल्यावाल्या आजोबांनी गावात ऐकलेलं मला येऊन सांगितलं. शीड माळ्यावर होतं ना?"

"होतं."

"आणि वारा?"

"तोही होता."

"मग मी धक्क्यावर बसून वाट कुणाची बघत होते?"

मंजुळाबायजवळ उत्तरं पुष्कळ होती. शेटने भाव चढवला. गावाने बोंब मारली. धाकू एकदाच येऊन परत फिरला. सगळी खरी होती. वाटेत होडीत तिने ती पाठही केली होती. तिने तोंड उघडलं आणि त्यातलं एकही बाहेर आलं नाही. माहेरचं पहिलं बाळंतपण एकदाच येतं. ते येऊन गेलं होतं.

त्यानंतर "माझं कुणी खरं मानलं नाही" असं ती कधी म्हणाली नाही.

तात्पर्य: तेल विकणारा लुटणारच, त्याला पोटभर शिव्या द्या आणि आपला वारा आपण धरा, पण लुटीवरचा उपाय ज्याच्या घरात आहे त्याने "आधी मला खरं म्हणा" म्हणून तो दाबून ठेवला, तर सगळ्यात मोठा दोष त्याचा, आणि केसर धक्क्यावर बसून राहिली तो दोष शेटचा नव्हे, धाकूचा नव्हे, तो दोष जिचा तिचं नाव मंजुळाबाय.