चाळीस जणांना उठवणारं बल

कुलगुरू हिर्लेकर म्हणजे भौतिकशास्त्राचे गाढे पंडित. ते सभागृहात शिरले, तसे चाळीसच्या चाळीस प्राध्यापक ताडकन उभे राहिले. त्यांना तसंच उभं ठेवून साहेबांनी फर्मावलं, "जे मोजता येत नाही, ते शास्त्रच नव्हे. समाजशास्त्र विभागाला उद्या कुलूप!"

विभागप्रमुख कुंदाताई सोनटक्के म्हणाल्या, "खुशाल लावा, सर. फक्त एक शंका आहे. तुम्ही कुणाला हातही लावला नाहीत, तरी चाळीस माणसं खुर्चीतून उठली. हे बल कोणतं?"

साहेबांनी डोकं खाजवलं. "आमच्या पुस्तकात नाही."

"आमच्या पुस्तकात आहे."

हिर्लेकर खो खो हसले. "कुलूप रद्द! बसा आता."

सुटकेचा निःश्वास टाकत सगळे खाली बसले.

"आणि सर," कुंदाताई म्हणाल्या, "हे गुरुत्वाकर्षण नव्हे हं!"