इंजिनाचं पथ्य

ऐन धानाच्या हंगामात भाऊसाहेब हटवारांच्या राईस मिलचं जुनं डिझेल इंजिन तापून बंद पडलं. गिऱ्हाइकं पोत्यांवर खोळंबून बसली.

सून मंदाकिनी म्हणाली, "मामाजी, बोअरच्या पाण्यानं रेडिएटरमध्ये क्षार साचलाय, गंजही चढलाय. आता तरी कूलंट घालू."

"रंगीत पाण्याचे चोचले कशाला?" भाऊसाहेब गरजले. "पाणी ते पाणी!"

मंदाकिनीनं बोअरच्याच पाण्याचा पेला भरून त्यांच्यापुढे धरला.

"अगं, हे मला डॉक्टरांनी बंद केलंय! मूतखडा झाला होता ना?"

"हो ना, मामाजी. आणि इंजिन तर तुमच्याहून दोन वर्षांनी मोठं आहे."

गिऱ्हाइकं खो खो हसली. भाऊसाहेबांनाही हसू आवरेना.

"जा बाई," ते म्हणाले, "आमच्या थोरल्या बंधूंना सोसेल असं, गंज न धरू देणारं कूलंट घेऊन ये."