लावीची पाहुणी

जंगलाला लागून असलेल्या हरभऱ्याच्या एका शेतात एक लावी राहत असे. लावी म्हणजे जमिनीवरच घरटं करणारा लहानसा, मातकट पक्षी. तिला चार पिल्लं होती. त्यांना अजून उडता येत नव्हतं आणि वर आभाळात शिक्रा हा शिकारी पक्षी घिरट्या घालत असे. हरभरा दाट होता, त्यात दडूनच पिल्लं जगत होती. शेतात मधूनमधून ज्वारीची उंच ताटं ठेवली होती, पाखरांनी बसावं आणि किडे टिपावेत म्हणून. त्यातल्या एका ताटावर कोतवाल पक्षी बसे. शिक्रा खाली आला की हा पठ्ठ्या त्याला टोचून टोचून हाकलून देई.

एकदा तिन्हीसांजेला मळकट पिवळ्या पंखांची एक पतंगाची मादी पाल्यावर येऊन बसली. कोतवालाने झेप घेतली, तशी ती ओरडली, "लावीताई, वाचवा हो! मी तुमचं पानसुद्धा खात नाही. फुलातला मध तेवढा चाखते." आणि मुलांनो, यातलं एक अक्षरही खोटं नव्हतं! लावी कोतवालावर कडाडली, "दारी आलेल्या पाहुणीवर चोच उगारतोस? लाज नाही वाटत?"

"अगं, ती खात नसेल, पण तिची..."

"एक शब्द बोलू नकोस! चालता हो इथून!"

कोतवालाला राग आला. तो पलीकडच्या शेतात निघून गेला. पाहुणीने पाल्यावर खसखशीएवढी अंडी घातली आणि सकाळ व्हायच्या आत ती पसार झाली.

चार-पाच दिवसांत अंड्यांतून दोऱ्यासारख्या अळ्या निघाल्या. एक पिल्लू चोच पुढे करून म्हणालं, "आई, खाऊ?" लावी म्हणाली, "छे छे! पाहुणीची लेकरं ती. आपल्या भरवशावर ठेवून गेलीय बिचारी." आता काय म्हणावं या भोळेपणाला! अळ्या बोटाएवढ्या झाल्या. त्यांनी कोवळी पानं कुरतडली, फुलं खाल्ली, मग घाट्यांना, म्हणजे हरभऱ्याच्या शेंगांना, भोक पाडून, अर्धं अंग आत घालून दाणे फस्त केले. एके दिवशी लावीने एक घाटा फोडून पाहिला. आत दाणा नव्हता, नुसती अळीची घाण होती. दुसरा फोडला, तिसरा फोडला. सगळे तसेच! तिने मान वर केली आणि तिचे डोळेच पांढरे झाले. शेतात झाडांचे नुसते खराटे उरले होते. "अगं बाई! आईने पान खाल्लं नाही आणि पोरांनी शेत गिळलं!"

तिच्या पिल्लांना दडायला बोटभर सावली नव्हती. भरदुपारी शिक्र्याने ते वरून पाहिलं.

"कोतवालदादा! धाव रे दादा!" लावी जिवाच्या आकांताने ओरडली. कोतवाल राग विसरून बाणासारखा आला, शिक्र्यावर तुटून पडला. पण शिक्र्याच्या पंजात एक पिल्लू केव्हाच गेलं होतं. तीन उरली होती, आईच्या पोटाखाली थरथरत.

"लावीताई, मला उशीर झाला गं," कोतवाल धापा टाकत म्हणाला.

"तुला नाही रे दादा," लावी म्हणाली, "उशीर मला झाला."

तात्पर्य : पाहुणा काय खातो एवढंच पाहू नये, मागे काय ठेवून जातो तेही पाहावं, आणि सावध करणाऱ्याचं बोलणं अर्ध्यावर तोडू नये.