गंगाकाकूंचे जाते

घरोघरची पहाट जात्याच्या घरघरीने उजाडायची, त्या काळी महाराज बोरबनात राहत होते. नदीकाठी बोरीची झाडे, त्यांत गवताने शाकारलेला मठ. महाराजांना तिथे वेगळे नाव नव्हते आणि त्यावाचून त्यांचे काही अडतही नव्हते.

नागूबाई दर मार्गशीर्षात बोरबनाशेजारच्या गावी येई. गुळगुळीत झालेली जाती टाकीने, म्हणजे छिन्नीने, टोचून पुन्हा खरबरीत करायची, जात्याला टाकी लावायची, हे तिचे काम. राग आला की टाकी खाली ठेवायची, श्वास शांत झाल्याशिवाय उचलायची नाही, ही सासूने घालून दिलेली रीत तिने चाळीस वर्षांत मोडली नव्हती.

त्या वर्षी मठाच्या उत्सवाच्या आदल्या सकाळी ती मठाचे मोठे जाते घेऊन बसली. ते मूळचे गावच्या वामनशास्त्र्यांच्या आईचे, गंगाकाकूंचे. काकू होत्या तेव्हा त्यांच्या अंगणात नागूबाईला बसायला पोते मिळे, वर गूळभाकरी. त्या आठवणीत तिचा हात सावकाश चालला होता.

तेवढ्यात वामनशास्त्री आले. क्रोध कसा जिंकावा, यावर उद्या त्यांचे प्रवचन होते.

"काय गं, दगड टोचतेस की कुरवाळतेस? उद्या पंगतीत काय हे खडे वाढायचे?"

"होतंय, बुवा."

"दगडांत राहून डोकीही दगडाचीच झाली तुमची."

नागूबाईच्या छातीत भडका उठला. तिने टाकी खाली ठेवली आणि हात मांडीवर घेऊन बसली.

झाले! काम थांबलेले पाहून शास्त्रीबुवांनी टाकी आणि हातोडा उचलला आणि दातओठ खात घाव घातला. वरच्या दगडाचे सरळ दोन तुकडे.

आवाजाने माणसे धावली. तेव्हा क्रोधावरच्या पोथ्या पाठ असलेला हा गृहस्थ काय म्हणाला? "हिने फोडलं. माझ्या आईचं जातं फोडलं हिने."

"मी नाही फोडलं," नागूबाई म्हणाली. जाते फोडणाऱ्या टाकीवालीला पंचक्रोशीत कुणी दारात उभे करत नसे. आधीपासून तिथे असलेल्या दोघाचौघांनी खरे काय ते पाहिले होते. पण शास्त्र्यांपुढे तोंड उघडायची एकाची छाती झाली नाही.

महाराज बाहेर आले. "तुकडे जुळवून ठेव, माय," महाराज म्हणाले. "शास्त्रीबुवा, खुंटा धरा. समोरून ही धरील."

"फुटक्या जात्यावर दळायचं?"

"आईचं आहे ना? मग बसा."

महाराजांनी मूठभर जोंधळे आत टाकले. दोघांनी खुंटा ओढला. तुकडे निसटले नाहीत. जाते फिरले, कडेने पांढरेशुभ्र पीठ सांडू लागले. आणि त्या घरघरीतून गंगाकाकूंचा आवाज आला! नागूबाईने तो लगेच ओळखला. लहानगा वामन रुसून ओट्यावर बसला की काकू दळता दळता म्हणायच्या, तेच शब्द.

"वामन्या, आधी जेव रे. मग रुस हवं तेवढं."

शास्त्रीबुवांची मूठ सुटली. कितीतरी वर्षांत त्यांना कुणी वामन्या म्हटले नव्हते.

"जातं मी फोडलं," ते रडत म्हणाले. "हिचा हातही लागला नव्हता."

जाते थांबले. चीर केसाएवढी उरली होती. दगड पुन्हा जुळला होता.

शास्त्रीबुवा महाराजांच्या पायांशी वाकले. महाराजांनी पाय मागे घेतले आणि नागूबाईकडे मान वळवली. मग साऱ्या गावादेखत शास्त्रीबुवांनी तिच्या धुळीने माखलेल्या पायांवर डोके ठेवले.

नागूबाई हात मांडीवर घेऊन तशीच बसून राहिली. श्वास शांत झाला, तेव्हा म्हणाली, "उठा बुवा. टाकी द्या इकडं. अर्धा दगड टोचायचा राहिलाय."