कधीच न धावलेली गाडी

फार जुनी गोष्ट आहे. लहानांनी थोडं घाबरून ऐकावी आणि मोठ्यांनी त्याहून जरा जास्त घाबरून.

चहूबाजूंनी डोंगर असलेल्या एका राज्यात कुशाबा नावाचा सुतार राहायचा. तो लाकडी खेळणी करायचा. त्या राज्यात आगगाडी नव्हती. घाट इतका अवघड होता, की बैलगाडीसुद्धा कशीबशी वर यायची. पण कुशाबाने तरुणपणी दूरदेशी आगगाडी पाहिली होती आणि ती त्याच्या मनातून काही केल्या जात नव्हती.

मग त्याने आपल्या राज्यासाठी मनानेच एक आगगाडी कंपनी रचली. तिला 'डोंगरराज लोहमार्ग कंपनी' असं नाव दिलं. ती राजाच्या आजोबांच्या काळात धावत होती आणि पुढे दरड कोसळून बंद पडली, असा तिचा इतिहासही रचला.

त्या कंपनीचे डबे तो पांगाऱ्याच्या हलक्या लाकडातून कोरायचा. मिठाचा डबा, गुरांचा डबा, मागे कंदील टांगलेला गार्डाचा डबा. त्यांची लोखंडी चाकं त्याचा मित्र हैबती लोहार घडवून द्यायचा. "नांगराच्या फाळाला लागत नाही एवढा वेळ तुझी ही चाकं खातात," असं हैबती कुरकुरायचा. पण चाक असं करायचा, की फुंकर मारली तरी डबा पुढे सरकावा.

जत्रेत कुशाबा ही गाडी मांडायचा आणि तिच्या गोष्टी सांगायचा. ऐकणारे हसायचे, माना डोलवायचे. ही गोष्ट आहे, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

त्याच सुमारास शेजारच्या राज्यात खरीखुरी आगगाडी सुरू झाली. आपल्या राजाला ते फार लागलं. तो चिडखोर झाला. दरबारात माणसं हळू आवाजात बोलू लागली.

अशातच राजा जत्रेला आला आणि कुशाबाच्या गाडीपाशी थांबून गोष्ट ऐकू लागला. त्याने गार्डाचा डबा उचलून डोळ्यांजवळ नेला.

"म्हणजे आमच्या आजोबांच्या काळात आपल्याकडे आगगाडी होती?" त्याने विचारलं. "हे खरं आहे?"

कुशाबा 'नाही' म्हणणारच होता. पण राजाच्या मागे उभे असलेले शिपाई त्याला दिसले. राजाचे चमकणारे डोळे दिसले.

"होय, महाराज," तो म्हणाला.

एवढंच. पण त्या दिवसापासून राज्यात भीती शिरली.

राजाने घाटातली दरड खणायला लावली. खाली रूळ सापडले नाहीत. "रूळ नाहीत, म्हणजे ते कुणीतरी चोरले," प्रधान म्हणाला. "आणि लोखंडाचा चोर लोहारावाचून दुसरा कोण असणार?"

शिपाई गावोगाव हिंडू लागले. कोयते, पहारी, नांगरांचे फाळ, सगळं चोरीचं लोखंड म्हणून उचलून नेऊ लागले. कितीतरी लोहार भाते आणि ऐरणी तशाच टाकून नदीपलीकडे पळाले. हैबती पळाला नाही. "मी काय केलंय पळायला?" तो म्हणाला. शिपायांनी त्याच्या भट्टीपाशी कुशाबासाठी केलेली ती छोटी चाकं पाहिली आणि त्याला पकडून गडावर नेलं.

कुशाबाला हे कळलं. पण तो गप्प बसला. आज राजाकडे जावं, उद्या जावं, असं म्हणत बसला. दारावरून कुणी चालत गेलं तरी दचकायचा.

एके दिवशी राजाचा हुकूम आला. चोर ठरवून पकडलेल्या लोहारांना फाशी देण्याआधी एक नवा डबा हवा होता. डोंगरराज कंपनीचा कैद्यांचा डबा, गजांच्या खिडक्यांचा. तो डबा फाशीच्या दिवशी चौकात मांडायचा होता.

कुशाबा कामाला बसला. एकेक गज तासू लागला. त्याची बायको येसू बाजूला उभी राहून बघत होती.

"याला चाकं कोण करून देणार?" तिने विचारलं.

कुशाबाच्या हातातली पटाशी थांबली. मग त्याने ते गज बाजूला सारले आणि दुसरंच लाकूड घेतलं.

फाशीच्या आदल्या दिवशी तो दरबारात गेला. "महाराज, कंपनी कधीच नव्हती. मी ती मनाने रचली. हैबती निर्दोष आहे."

"मित्रासाठी खोटं बोलतोय," प्रधान म्हणाला. राजानेही मान डोलवली. कुशाबाचं खोटं सगळ्यांना पटलं होतं आणि आता त्याचं खरं कुणालाच पटेना.

तेव्हा त्याने कापडात गुंडाळलेला एक डबा काढून राजापुढे ठेवला. मिठाचाच डबा होता, पण आत पोत्यांमागे एक लाकडी माणूस दडून बसला होता. त्याच्या डोक्यावर मुकुट होता.

"हे कोण?" राजाने विचारलं.

"आपले आजोबा, महाराज. लढाईतून पळून याच डब्यात लपले होते. कंपनीच्या इतिहासात तसंच आहे."

राजाने तलवार उपसली. "खोटं! आमचे आजोबा कधीही पळाले नाहीत!"

"नाहीच पळाले, महाराज," कुशाबा म्हणाला. "हे मी परवा रचलं. लाकूड तेच, रंग तोच, हातही हेच. हा एक डबा खोटा असेल, तर सगळेच खोटे. आणि बाकीचे खरे मानलेत, तर हाही खरा मानावा लागेल."

तलवार तशीच वर राहिली. कुशाबाने डोळे मिटून घेतले. पुष्कळ वेळाने तलवार म्यानात गेल्याचा आवाज आला.

राजाने सगळे डबे जाळायला लावले. लोहारांना सोडलं आणि कुशाबाला राज्याबाहेर हाकललं. नदीपलीकडे पळालेले मात्र परत आले नाहीत. त्या वर्षी कितीतरी शेतं नांगराविना पडून राहिली.

गडाच्या दरवाजात कुशाबाला हैबती भेटला. कबुली काढून घेण्यासाठी शिपायांनी त्याच्या उजव्या हाताची बोटं मोडली होती. तो हात पुन्हा घण धरणार नव्हता.

"हैबती..." कुशाबा त्या हाताकडे बघत म्हणाला.

"पहिल्याच दिवशी येशील असं वाटलं होतं मला," हैबती म्हणाला आणि गड उतरू लागला.

आपण रचलेल्या गोष्टीला वेळेवर गोष्ट म्हणायला जो भितो, त्याच्या भीतीची शिक्षा दुसऱ्याला भोगावी लागते.